टाकी बसवतो, ती रिकामी कुठे करायची ते सांगा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : खाड्या आणि जलाशयांतल्या प्रवासी व पर्यटन बोटींवरचे संडास, आणि त्यांचा मैला धक्क्यावर उतरवून घेण्याची सोय

सप्रेम नमस्कार,

पत्र दोन्ही मंडळांना मिळून लिहितो आहे, कारण हा विषय दोघांच्या बरोबर मध्ये पडतो. बोटीची नोंदणी, सर्व्हे म्हणजे तपासणी आणि परवाना सागरी मंडळाकडे. पाण्यात काय सोडायचं आणि काय नाही, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. बोटीवरच्या संडासातून निघालेला पाइप मात्र या दोन टेबलांच्या मधून थेट खाडीत जातो.

माझी ओळख थोडक्यात. बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनीअर होतो. आता दाभोळ खाडीच्या काठी लहान बोटींची इंजिनं, पंप आणि पाइपलाइन दुरुस्त करतो. गिऱ्हाईक म्हणजे हाउसबोटवाले, मगर-सफारीच्या फायबर बोटीवाले, लाँचवाले, मधूनच एखादा हौशी शिडाच्या होडीवाला. अलीकडे यातले बरेच जण एकच काम घेऊन येतात : ‘संडास नियमात बसवून द्या.’ कुणाला हॉटेलच्या बुकिंगवाल्यांनी विचारलेलं असतं, कुणाला बँकेने, कुणाला गावातल्याच लोकांनी दम भरलेला असतो. नियमात बसवायला माझी ना नाही. मैला साठवायची टाकी, पंप, झडपा, पाइप सगळं बाजारात मिळतं. अडतं ते पुढेच. टाकी भरली की ती रिकामी कुठे करायची, या प्रश्नाला माझ्या ओळखीच्या एकाही धक्क्यावर उत्तर नाही. तिथपर्यंत पाइपिंग कितीही चोख केलं तरी ते अर्धवटच राहतं.

कायदा कमी पडतोय असं मात्र नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने नदी, ओढा, तलाव यांत घाण सोडायला केव्हाच मनाई केली. समुद्र आणि भरतीचं पाणी त्यात येतं, पण राज्य सरकार अधिसूचनेने ठरवेल त्या हद्दीपर्यंत. २०२१ साली अंतर्देशीय जलयान कायदा झाला, २०२२ च्या जूनपासून लागू झाला आणि १९१७ चा जुना कायदा गेला. या नव्या कायद्यात प्रदूषणावर वेगळं प्रकरण आहे. बोटीने पाण्यात काही सोडू नये हे तर त्यात आहेच, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद पुढची आहे : प्रवासी आणि मालवाहू टर्मिनल ज्याचं किंवा जो ते चालवतो, त्याने बोटींवरचं तेल, तेलकट पाणी आणि मैलापाणी उतरवून घेण्याची सोय करून द्यायची. म्हणजे जबाबदारी दोघांवर आहे. बोटवाल्याने साठवायचं, धक्केवाल्याने उतरवून घ्यायचं. बोटवाल्याचा अर्धा भाग सगळ्यांना तोंडपाठ आहे. धक्केवाल्याच्या भागाबद्दल कुणी बोलत नाही.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने आमची दाभोळ खाडी-वाशिष्ठी जलमार्ग क्रमांक २८ झाली. अंबा नदी १०, रेवदंडा खाडी-कुंडलिका ८५, जयगड खाडी-शास्त्री ९१. क्रमांक मिळाले ते चांगलंच झालं. या पाण्यावर बोटी वाढाव्यात अशीच त्यामागची कल्पना आहे. वाढल्याही आहेत. बचत गटांना हाउसबोटी देण्याच्या योजना निघतात, खाडीतल्या सफारीच्या जाहिराती पुण्याच्या बसवर दिसतात. एक रात्र मुक्कामाची बोट म्हणजे एक छोटं लॉजच. जमिनीवर लॉज काढायचं तर शोषखड्डा कुठे, सेप्टिक टँक केवढी, हे ग्रामपंचायतसुद्धा विचारते.

आता जहाजांचा नियम सांगतो, कारण त्याचा हवाला देऊन बोटवाल्यांना भलताच सल्ला दिला जातो. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ४०० टनांच्या वरच्या किंवा १५ पेक्षा जास्त माणसांचा परवाना असलेल्या जहाजांना मार्पोल, म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचं चौथं परिशिष्ट लागू होतं. त्यानुसार दळलेला आणि जंतुनाशक दिलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या पुढे सोडता येतो. प्रक्रिया न केलेला मैला १२ सागरी मैलांच्या पलीकडे, तोही जहाज किमान ४ नॉट (ताशी ४ सागरी मैल) वेगाने चालू असताना, हळूहळू. यावरून धक्क्यावरचा सल्ला असा : ‘बाहेर जाऊन सोडून ये.’ १२ सागरी मैल म्हणजे सव्वाबावीस किलोमीटर. ८ नॉटच्या लाँचला जायला दीड तास, यायला दीड तास. डिझेलचं सोडा, पण खाडीचा परवाना असलेल्या बोटीला खाडीच्या तोंडाबाहेर इतक्या लांब जायची मुभाच नसते. एक नियम पाळायला दुसरा मोडायचा, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी सात-आठ माणसांचा जीव धोक्यात घालायचा. हा सल्ला कुणीच पाळत नाही, याचं मला मनातून बरं वाटतं. मग पाळतात काय? रात्री ओहोटी लागली की झडप उघडतात.

ओहोटीबरोबर सगळं समुद्रात जातं, हा समज खाडीकाठी जन्मलेल्यांचाही असतो. जातं थोडंफार, पुढच्या भरतीला बरंचसं परत येतं. मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक नद्यांचं वरून येणारं पाणी जवळजवळ थांबतं, तेव्हा खाडीच्या आतल्या वळणांमधलं पाणी दिवसचे दिवस पुढेमागे हेलकावत राहतं. पर्यटनाचा हंगामही तेव्हा चालूच असतो. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत तर पाण्याची हालचाल आणखी मंदावते.

एक हिशेब करून दाखवतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनारी पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. त्यातल्या स्नानाच्या पाण्यासाठी विष्ठेतल्या कोलिफॉर्म जंतूंची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १०० आहे, म्हणजे लिटरमागे १,०००. माणसाच्या एका ग्रॅम विष्ठेत हे जंतू कोटीच्या घरात असतात. एका वेळची विष्ठा दीडशे ग्रॅम धरली तर दीडशे कोटी जंतू. ते मर्यादेपर्यंत विरळ करायला पंधरा लाख लिटर पाणी लागतं, तेही आधीपासून अगदी स्वच्छ असलेलं. हा एका माणसाच्या एका खेपेचा हिशेब आहे. जंतू मरतात, उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने लवकर मरतात, हे खरं. पण बोट नांगरलेली असते ती बहुतेक वेळा धक्क्याजवळ, आडोशाला, आणि मुलं पोहतात तीही तिथेच.

त्याहून मोठी काळजी कालवं, तिसऱ्या आणि मुळे या शिंपल्यांची आहे. सुकतीला बायका टोपल्या घेऊन ज्या चिखलात उतरतात, तो त्यांचा रोजगार आहे. हे शिंपले पाणी गाळून जगतात. तासाला काही लिटर पाणी अंगातून काढतात आणि त्यातलं अन्न ठेवून घेतात. अन्नाबरोबर जंतू आणि विषाणूही राहतात. कावीळ, कॉलरा, उलट्या-जुलाब हे सगळे आजार शिंपल्यांतून पसरल्याचे दाखले जगभर आहेत. म्हणूनच किनारी पाण्याच्या त्याच पाच वर्गांत शिंपल्यांचं पाणी सगळ्यात वरच्या वर्गात ठेवलेलं आहे, स्नानाच्याही वर. सगळीकडे छापलेला सूर्यास्ताचा फोटो बघून आलेला पाहुणा रात्री हाउसबोटीवर तिसऱ्यांची कोशिंबीर मागतो. त्याच्याच बोटीखालच्या पाइपातून काय गेलं, हे त्याला माहीत नसतं.

यावर लगेच येणारं उत्तर मला माहीत आहे, कारण धक्क्यावर ते रोज ऐकतो : ‘सगळ्या गावाचं गटार खाडीत येतं, लोटे इथल्या कारखान्यांच्या रसायनांनी मासे मेलेले आम्ही पाहिले, मुंबईचा मैला वरळी आणि वांद्र्याच्या नळांतून समुद्रात जातो, आणि तुम्ही आमच्या एका संडासाच्या मागे लागलात?’ चिडचिड खरी आहे. लोटे-परशुरामच्या उद्योगांनी दाभोळ खाडीला जे सोसायला लावलं, ते इथल्या मच्छीमारांइतकं कुणाला ठाऊक नाही. मुंबईत सात नवी मलजल प्रक्रिया केंद्रं बांधली जात आहेत, त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर आहे; हा आकडाच सांगतो की आजवर काय चाललं होतं. त्यापुढे आमच्या बोटींचा मैला थेंबभरही नाही. तरी मी बोटवाल्यांना हे उत्तर पुरं पडू देत नाही. वरळीचा नळ किनाऱ्यापासून तीन किलोमीटरच्या वर आत जाऊन सुटतो. आमची बोट कालवांच्या खडकावर उभी राहून सोडते. प्रमाण कमी असलं तरी जागा वाईट आहे. आणि गावाचं गटार सुधारायला वीस वर्षं लागतील. बोटीचं काम एका पावसाळ्यात होतं.

तुम्हाला मात्र या उत्तराची दखल घ्यावीच लागेल. बोटवाल्यांवर नोटिसा निघाल्या आणि धक्क्यावर सोय झाली नाही, तर तो माणूस ‘आमच्यावरच का?’ म्हणेल आणि ते त्याच्या तोंडी शोभेल.

आता टाकीबद्दल, कारण इथे नियम लिहिणाऱ्यांनी आमच्या सवयी लक्षात घेतल्या नाहीत तर सगळा हिशेब चुकेल. बाहेरच्या पुस्तकांतले टाकीच्या मापाचे तक्ते कागद वापरणाऱ्यांसाठी केलेले आहेत. आपण पाणी वापरतो. मग्याने म्हणा, जेटने म्हणा, दर वेळी लिटरभर तरी. चार पाहुणे आणि तीन खलाशी अशी सात माणसांची हाउसबोट धरा. दर माणशी दिवसाला पाच खेपा, बोटीच्या हातपंपाच्या संडासाला दर खेपेला दीड लिटर, वर लिटरभर धुण्याचं, आणि लघवीचं दीड लिटर. माणशी १४ लिटर, बोटीचे ९८. म्हणजे दिवसाला शंभर लिटर. त्याच बोटीवर कुणी घरच्यासारखा आठ लिटरचा फ्लश बसवला, आणि बहुतेक जण तोच बसवतात, कारण पाहुण्यांना तो ‘चांगला’ वाटतो, तर हाच आकडा सव्वातीनशेवर जातो. तीन दिवसांची टाकी हजार लिटरची होते. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, बोटीच्या एका कडेला, आत डुचमळणारं. आडव्या फळ्या न टाकलेल्या अर्ध्या भरलेल्या टाकीने लहान बोट कलंडण्याच्या बेताला आलेली मी पाहिली आहे. तेव्हा कुठलाही नियम काढाल तो टाकीच्या लिटरवर थांबू देऊ नका. संडास कोणत्या प्रकारचा, टाकी कुठे, आतल्या आडफळ्या किती, हे सर्व्हेअरने स्थिरतेच्या कागदांबरोबरच बघितलं पाहिजे.

फ्लशला खाडीचं पाणी घ्यायचं की गोडं, हाही प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नाही. खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. बंद टाकीत हवा संपली की काही जीवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात, सडक्या अंड्यांचा तो वास. पाहुणे वासाची तक्रार करतात, मालक टाकीला शिव्या घालतो आणि मधला पाइप कापून थेट समुद्रात जोडायला लावतो. निम्म्या टाक्या अशा बाद होतात. औषध साधं असतं : गोडं पाणी, जाड श्वासनळी म्हणजे टाकीचा हवेचा पाइप, आणि वास न झिरपणारा होज. खिशाला परवडणाऱ्या या तीन गोष्टी नियमाच्या परिशिष्टात एका ओळीत आल्या, तरी लोकांचे पैसे वाचतील.

आणि हाच वायू जीवही घेतो. हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तळाशी साचतो, जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. मग माणूस आत उतरतो आणि वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो. सेप्टिक टँकांच्या बातम्या आपण वाचतो, तोच प्रकार बोटीत. धक्क्यावर उपसण्याची सोय नसेल तर भरलेली टाकी शेवटी कुणाच्या वाट्याला येते, ते सांगायला नको. सगळ्यात धाकट्या खलाशाच्या हातात बादली दिली जाते. हाताने मैला उपसायला लावणं आणि संरक्षणाशिवाय टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीची सक्ती करून उपशाची सोय न करणारा नियम या गुन्ह्यालाच वाट करून देतो, हे कुठल्याही फाइलवर टिप्पणी लिहिण्याआधी लक्षात घ्या.

प्रक्रिया करणारं यंत्रच बोटीत बसवा, मग साठवायची भानगड नको, असंही सुचवलं जातं. मोठ्या जहाजांवर ते असतं, मी सांभाळलेलं आहे. त्यातून निघणाऱ्या पाण्याला मार्पोलची मानकं लागतात : १०० मिलिलिटरमागे १०० जंतू, बीओडी (घाण कुजताना पाण्यातला जेवढा प्राणवायू खाते तो) लिटरमागे २५ मिलिग्रॅम, तरंगते कण ३५ मिलिग्रॅम. ते गाठायला यंत्र चोवीस तास चालावं लागतं, आतले जीवाणू रोज खाऊपिऊ घालून जिवंत ठेवावे लागतात. आमच्या बोटी शनिवार-रविवारी गच्च आणि सोमवार ते शुक्रवार रिकाम्या. पाच दिवस उपाशी राहिलेले जीवाणू शनिवारी कामाचे राहत नाहीत. रेल्वेने डीआरडीओच्या मदतीने डब्यांत जैव-शौचालयं बसवली आणि रुळांवर पडणारी घाण थांबवली, हे मोठं काम झालं. पण त्याच्या नावाने बोटवाल्यांना विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ‘बायो’ टाकीतून बाहेर येणारं पाणी मानकात असतंच असं समजू नका. साफसफाईला अॅसिड ओतलं की आतले जीवाणू संपतात, आणि अॅसिड ओतल्याशिवाय आपल्याकडे संडास स्वच्छ झाला असं कुणाला वाटत नाही. अशी टाकी मान्य करायची तर तिच्यातून निघणाऱ्या पाण्याचा नमुना तपासून करा, विकणाऱ्याच्या पत्रकावरून नको.

लहान बोटीला साठवण टाकीच बरी. म्हणून पुन्हा धक्क्याकडे येतो.

धक्क्यावर काय हवं? प्रक्रिया केंद्र बांधा असं मी म्हणत नाही. सेप्टिक टँक उपसणाऱ्या सक्शनच्या गाड्या नगरपालिकांकडे आणि खासगी लोकांकडे आहेत. वाई आणि सिन्नरसारख्या छोट्या शहरांनी या गाड्यांतल्या गाळावर प्रक्रिया करणारी केंद्रं चालवून दाखवली आहेत. बोटीचा मैला त्याच साखळीत घालता येतो. फक्त तो धक्क्यावरून गाडीत चढायला हवा, आणि इथे ओहोटी आडवी येते. निर्वात पंपाने पाणी पुस्तकात दहा मीटर चढतं, प्रत्यक्षात घट्ट मैला लांब होजमधून पाच-सहा मीटर चढला तरी खूप. दाभोळ-रत्नागिरीकडे उधाणाला पाणी अडीच मीटरच्या आसपास खालीवर होतं, तिथे भरतीच्या वेळेला गाडी बोलावली की काम होतं. मुंबईत तोच फरक साडेचार-पाच मीटरवर जातो. ओहोटीला लाँच धक्क्याच्या इतकी खाली जाते की वरच्या गाडीला तिच्यातला मैला ओढवत नाही. तिथे तरंगत्या पोंटूनवर ढकलणारा पंप आणि वर जाणारा कायमचा पाइप लागेल. शिवाय भरलेल्या टँकरचं वजन प्रत्येक जुना धक्का पेलेल असं नाही; गाडी मागे उभी करून लांब पाइप टाकावा लागेल. हे सगळं साधं काम आहे. पण जेट्टी बांधून झाल्यावर करायला गेलं की काँक्रीट फोडावं लागतं. गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी आता नवी जेट्टी होते आहे. तिच्या नकाशात हा पाइप आहे का, ते कृपया तपासा. नसेल तर आज तो घालणं सगळ्यात स्वस्त पडेल. मुंबई बंदराच्या हद्दीतल्या धक्क्यांसाठी बंदर प्राधिकरणालाही सोबत घ्यावं लागेल, ते तुम्ही जाणताच.

जोडणीचं तोंड एकच ठरवा. मार्पोलने मोठ्या जहाजांसाठी २१० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची, चार बोल्टांची चकती ठरवली आहे, म्हणजे मुंबईत आलेलं जहाज रॉटरडॅमलाही तीच जोडणी वापरतं. लहान जहाजांना ३८ मिलिमीटरच्या आतल्या व्यासाची मुभा त्यातच आहे, आणि हौशी बोटींच्या डेकवर जगभर दीड इंची म्हणजे तेवढंच तोंड बसवतात. आपल्याकडे प्रत्येक फॅब्रिकेटर हाताला लागेल तो पाइप लावतो. उद्या गुहागरच्या बोटीला मालवणच्या धक्क्यावर होज बसला नाही तर सोय असून उपयोग नाही. एका ओळीचं परिपत्रक काढलंत तरी हे मिटेल.

अमेरिकेत यात कोणता क्रम धरला गेला, तेवढं सांगतो. तिथल्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याने बोटींच्या संडासांवर बंधनं आणली. पण उपशाच्या जागा पुरेशा नव्हत्या म्हणून १९९२ साली वेगळा कायदा करून सरकारने धक्क्यांवरच्या उपसा-केंद्रांचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च उचलायला सुरुवात केली. आणि जिथे मैला सोडायला पूर्ण बंदी आहे अशा पाण्यात टाकी आणि समुद्र यांच्यामधली दुतोंडी झडप समुद्राच्या बाजूने बंद करून, तिला कुलूप किंवा न सुटणारी तार लावून ठेवावी लागते. ही तारेची कल्पना आपल्या कामाची आहे. सर्व्हेअरने वार्षिक सर्व्हेला झडप बंद करून नंबराचं सील लावावं. सील तुटलेलं दिसलं की प्रश्न विचारावा. आज माझ्याकडे येणाऱ्या बोटींत टाकी असते, पण ती सर्व्हेपुरती. वापरातला पाइप तिला वळसा घालून गेलेला असतो. सर्व्हेअर टाकी बघतो, पाइपचा माग काढत नाही. त्याच्या यादीत तो मुद्दाच नसेल तर त्याला तरी काय बोलणार.

पैशांचं बोलायला हवं, कारण बोटवाला पहिला तोच प्रश्न विचारतो. दर उपशाला वेगळे पैसे घेतलेत तर लोक रात्रीची झडपच वापरतील. फुकट ओहोटीशी कुठलंही दरपत्रक स्पर्धा करू शकत नाही. म्हणून उपशाचा आकार वार्षिक परवाना शुल्कातच घ्या. पैसे भरलेलेच आहेत म्हटल्यावर माणूस सोय वापरतो. धक्क्यावरच्या उपशाची वही ठेवा. कुठल्या बोटीने हंगामात एकदाही टाकी रिकामी केली नाही, हे त्या वहीतून आपोआप दिसेल आणि निरीक्षकाला बोटीमागे धावावं लागणार नाही. ही माझी सगळ्यात आवडती सूचना आहे. कारण हिला नवा माणूस लागत नाही, फक्त वही लागते.

खाऱ्या मैल्याबद्दल एक सावधगिरी. गाळ-प्रक्रिया केंद्रांतले जीवाणू गोड्या पाण्याला सरावलेले असतात. खाडीच्या पाण्याने फ्लश केलेला मैला एकदम मोठ्या प्रमाणात ओतला तर ते केंद्र बिघडेल आणि नगरपालिका दुसऱ्या दिवशी दार बंद करेल, तेही रास्तच. थोडाथोडा मिसळून घालायचा, किंवा मुळातच गोडं पाणी वापरायला लावायचं. बोटीच्या आत घेतलेला निर्णय असा थेट गावातल्या केंद्रापर्यंत पोचतो.

आणि जलाशय. कोयनेच्या शिवसागरात तापोळा, बामणोलीकडे बोटी फिरतात, मुनावळ्याला आता जलपर्यटन सुरू झालं आहे. तिथे भरती-ओहोटीची अधिसूचना वगैरे काही प्रश्नच नाही. गोडं पाणी आहे, १९७४ चा कायदा सरळ लागू आहे. खालची गावं नदीचं पाणी पितात. तिथल्या बोटींवर संडास नसलेलाच बरा, फेऱ्या तासाभराच्या असतात. काठावर चांगली स्वच्छतागृहं बांधा. प्रत्येक प्रश्नाला टाकी हे उत्तर नसतं. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचलाही पाऊण-एक तास लागतो, तिथेही काठावरचं स्वच्छतागृह सुधारलं तर बोटीवरचा अर्धा भार कमी होईल. बायकांना विचारून बघा. प्रवासाआधी पाणी न पिणं हीच त्यांची आजची व्यवस्था आहे.

शेवटी वेळापत्रक. पावसाळ्यात फेऱ्या थांबतात, बोटी वर ओढून शाकारल्या जातात. पाण्याखालची तोंडं बंद करणं, टाकी बसवणं, पाइप बदलणं ही कामं तेव्हाच करता येतात. हंगामात बोट बाहेर काढायला सांगितलीत तर मालकाचा धंदा बुडतो. म्हणून येत्या पावसाळ्यात मुक्कामाच्या हाउसबोटी तेवढ्या घ्या, त्यांची संख्या आवाक्यात आहे. पण त्याआधी, मे महिना उजाडायच्या आत, त्यांच्या धक्क्यांवर उपशाचा दिवस ठरलेला असला पाहिजे : आठवड्यातून एकदा, भरतीच्या वेळेला, सक्शनची गाडी. एवढं झालं की दिवसाच्या लाँचेस आणि सफारीच्या बोटी पुढच्या वर्षी. क्रम उलटा करू नका.

आणि १९७४ च्या कायद्यासाठी आपल्या खाड्यांची हद्द कुठवर धरायची, ते बंदरनिहाय नकाशासह एकदा स्पष्ट छापा. आज बोटवाला विचारतो, आम्ही नदीत आहोत की समुद्रात, आणि मी त्याला अंदाजाने सांगतो. हे माझं काम नाही.

या विषयावर नियमांचा मसुदा काढलात तर हरकती-सूचनांची नोटीस संकेतस्थळावर टाकून थांबू नका. प्रत्येक बंदर कार्यालयाच्या फलकावर आणि मच्छीमार सोसायट्यांत मराठीतून लावा, आणि मुदत मासेमारी बंदीच्या काळात द्या. तेव्हा तांडेल, म्हणजे बोटींचे प्रमुख, घरी असतात, वाचतील आणि बोलतीलही. पाइपिंगचे नकाशे, टाकीच्या मापांचा तक्ता आणि पंपांची माहिती लागली तर मी ती विनामूल्य देईन. सर्व्हेअरना बोटीच्या पोटात उतरून पाइप दाखवायलाही येईन. लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
दाभोळ खाडीकाठचा एक बोट-दुरुस्तीवाला